थरथरणाऱ्यांची नोंद

बाईंचा पाय एका ठिकाणी ठरत नाही, हे कोशाच्या कार्यालयात शिपायापासून मुख्य संपादकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्या तिथे नोकरी करत होत्या आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या खुर्चीची गादी दबली नव्हती. एक शब्द वाचायचा, उठायचं, खिडकीशी जायचं, परत येऊन दोन शब्द लिहायचे, पुन्हा उठून कपाटातला तिसरा खंड काढायचा, उभ्याउभ्याच वाचायचा. लहानपणी वडील त्यांना भिंगरी म्हणत. ते नाव माहेरीच राहिलं. कार्यालयात त्यांना व्युत्पत्तीबाई म्हणत, आणि घाईत नुसतं बाई.

कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. इंग्रजी शब्दांचा अर्थ आपल्या भाषेत सांगणारा एक मोठा कोश तिथे वर्षानुवर्षं तयार होत होता. अर्थ लिहिणारे वेगळे होते. शब्द कुठून आला, आधी कुणाच्या तोंडी होता, वाटेत त्याचं काय काय झालं, हे दोन-चार ओळींत सांगणं हे बाईंचं काम. त्या ओळी हाताने लिहून त्या प्रुफाच्या कडेला जोडत आणि शेवटच्या खोलीत बसणारा एक गृहस्थ त्या संगणकावर पानात बसवी. पानं लावतो म्हणून सगळे त्याला पानवाला म्हणत. नवीन माणूस आला की हमखास विचारी, ‘‘खाली टपरी कुठे दिसली नाही ती?’’ आणि पानवाला न हसता म्हणे, ‘‘चुना इथेच लावतो.’’

तर बाईंच्या पायाला भिंगरी, हे जुनंच होतं. पण गेल्या वर्षभरात त्यांच्या उठण्याचं कारण बदललं होतं. पूर्वी त्या शब्दापायी उठत. आता हातापायी उठत होत्या.

उजवा हात. तो कामात असला की शहाण्यासारखा वागे. पण टेबलावर नुसता ठेवला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासू लागत, जणू चिमटीत कणकेची बारीकशी गोळी धरून मळत आहेत. मग मनगट. मग मनगटावरचं घड्याळ. बाईंनी त्यावर उपाय शोधला होता, तो म्हणजे हात रिकामा ठेवायचाच नाही. त्या सारख्या काहीतरी उचलत, पुसत, सरळ करत. बसमध्ये दांडा घट्ट धरत, आणि दांड्याबरोबर हातही हलतो असं कुणाला वाटलं तर वाटू देत. दोन थांबे आधी उतरून चालत घरी जात, कारण चालताना हाताकडे कुणी बघत नाही.

डॉक्टरकडे जायचा विचार मनात येई आणि जाई. आला की वडील आठवत.

वडील शिंपी होते. चांगलं चालणारं दुकान, दोन मशीनं, रांगेत गिऱ्हाइकं. बाई एकोणीस वर्षांच्या असताना त्यांचा हात कापू लागला. आधी कात्री तिरकी गेली, मग शिवण. गिऱ्हाईक हसत म्हणे, ‘‘मास्तर, ही शिवण आहे की नदी?’’ मास्तरही हसत. मग एक दिवस दुकानासमोर उभं राहून कुणीतरी मित्राला सांगितलं, ‘‘अरे इथे नको, हे थरथर टेलर्स,’’ आणि ते आत बसलेल्या बापलेकींनी दोघांनीही ऐकलं. आठवड्याभरात वडिलांनी दुकान बंद केलं. का, ते आईलासुद्धा सांगितलं नाही. पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, ते घरात बसले, हात मांडीखाली दाबून. लेकीने कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं तिला नंतर वाटत राहिलं, पण तेव्हा विचारण्याइतका धीर तिच्याकडे नव्हता, हेही खरं.

म्हणून त्या सोमवारी ‘क्यू’ अक्षराची प्रुफं समोर आली आणि त्यात ‘क्वेकर’ शब्द निघाला, तेव्हा बाईंनी नोंद वाचली आणि हात ओढणीखाली घेतला. नोंद जुन्या सहकाऱ्याने कधीकाळी केलेली होती. ‘एका ख्रिस्ती पंथाचा अनुयायी. मूळ अर्थ : थरथरणारा. न्यायाधीशाने चेष्टेने दिलेले नाव.’ बस, इतकंच.

बाई उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. पुन्हा वाचलं. कोण न्यायाधीश? कसली चेष्टा? कोण थरथरत होतं? आणि चेष्टेने दिलेलं नाव त्या लोकांनी टाकून का दिलं नाही? साडेतीनशेच्या वर वर्षं झाली, अजून तेच नाव चालतंय. वडिलांना दिलेल्या नावाने वडिलांचं दुकान एका आठवड्यात बसलं होतं.

त्या सरळ संपादकांच्या खोलीत गेल्या.

‘‘सर, ‘क्वेकर’ची नोंद अपुरी आहे.’’

संपादक मान वर न करता म्हणाले, ‘‘बाई, सगळंच अपुरं आहे. शुक्रवारी छापखान्यात पानं जायची आहेत.’’

‘‘मला दोन दिवस द्या.’’

‘‘तुम्ही ‘क्विल्ट’ला दोन दिवस घेतलेत. गोधडीला.’’

‘‘गोधडी आणि माणूस सारखे नाहीत, सर.’’

संपादकांनी चष्मा काढला. ते वाईट नव्हते, पण थकलेले होते. तीस वर्षं एकाच कोशावर बसलेला माणूस थकतोच. ‘‘दोन दिवस नाही. आज आणि उद्या अर्धा. आणि ओळी वाढवायच्या नाहीत फार. पान फुटलं तर पानवाला माझं डोकं फोडेल.’’

बाई ग्रंथालयात गेल्या. वाचनकक्षात लांबलचक टेबलं, प्रत्येकावर एक हिरवा दिवा, आणि ‘शांतता राखा’ची पाटी, जी वाचून बाईंना हटकून खोकला येई. मोठ्या इंग्रजी कोशाचा खंड ग्रंथपालाने दोन्ही हातांनी आणून आदळला. बाईंनी तो उभ्यानेच उघडला.

न्यायाधीशाची गोष्ट सापडली. पंथाच्या संस्थापकाला १६५० साली इंग्लंडमध्ये पकडून उभं केलं, तेव्हा तो न्यायाधीशालाच म्हणाला, की ईश्वराच्या शब्दापुढे कापायला शीक. त्यावर न्यायाधीशाने टोमणा मारला, अच्छा, म्हणजे तुम्ही कापणारे, थरथरणारे. नाव चिकटलं. ही हकीकत त्या संस्थापकाच्याच आठवणींतली. दुसरं मत असं, की सभेत या लोकांच्या अंगाला कंप सुटे, ते पाहून लोकांनीच नाव पाडलं.

इथे कुणीही खंड मिटला असता. बाईंनी बोट खाली सरकवलं आणि सगळ्यांत जुन्या दाखल्याशी येऊन थांबल्या. साल १६४७. न्यायाधीशाच्या आधी तीन वर्षं. कुणीतरी कुणालातरी लिहिलेलं पत्र. त्यात म्हटलं होतं, की लंडनमध्ये परदेशातून आलेल्या बायकांचा एक पंथ आहे म्हणे, त्यांना क्वेकर म्हणतात, त्या फुगतात, कापतात, थरथरतात, आणि भानावर आल्या की उपदेश करू लागतात.

बाई मटकन खुर्चीवर बसल्या. ग्रंथपालाने मान वर करून पाहिलं, कारण त्याने त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

म्हणजे न्यायाधीशाने शब्द घडवला नव्हता. शब्द आधीपासून हवेत होता. त्या बायका या पंथातल्या नसतीलही, बहुधा नव्हत्याच. पण नाव आधी त्यांच्यावर फेकलं गेलं होतं. कोण होत्या, कुठून आल्या, पुढे काय झालं त्यांचं? पत्र लिहिणाऱ्याने ते लिहिलं नव्हतं. ऐकीव बातमी, चार शब्दांची टर, आणि पुढे काही नाही.

त्या दिवशी बाई दोन नव्हे, सगळेच थांबे चालत घरी गेल्या.

घरी नणंद आलेली होती. ही नणंद वरच्या मजल्यावर राहत असे आणि गावात कुणाचं काय चाललंय हे वर्तमानपत्राच्या आधी तिला कळे. बाईंचे यजमान बसच्या डेपोत मेकॅनिक, कमी बोलणारे. बहीणभावात बोलण्याचा वाटा बहिणीनेच उचललेला. बाईंनी चहा ठेवता ठेवता न्यायाधीश, बायका, पत्र सगळं सांगून टाकलं.

‘‘अगं वहिनी, मग आपल्या सिस्टरबाईंना विचार की,’’ नणंद म्हणाली. ‘‘त्या तसल्याच आहेत.’’

‘‘कोण सिस्टरबाई?’’

‘‘मोठ्या दवाखान्यातल्या. निवृत्त झाल्या आता. सायकलच्या दुकानावर त्यांची खोली आहे, तिथे दर रविवारी जमतात म्हणे. आणि काय करतात माहीत आहे? काही नाही. तासभर गप्प बसतात. मला तर ऐकूनच धाप लागली.’’

बाईंनी कप उचलला. बशी वाजली. त्यांनी कप पटकन खाली ठेवला, पण थोडा चहा सांडलाच. नणंदेला दिसलं नाही. यजमानांना दिसलं. बहीण वर गेल्यावर ते फडक्याने टेबल पुसत म्हणाले, ‘‘तुझा हात दाखवून येऊ या.’’

‘‘काय झालंय माझ्या हाताला?’’

‘‘इंजिन रिकाम्यावर थरथरतं आणि गिअर टाकला की गुमान चालतं, तेव्हा ड्रायव्हर म्हणतो काही झालं नाही. आम्ही बॉनेट उघडतो.’’

‘‘मी बस नाही,’’ बाई म्हणाल्या आणि कपाट आवरायला गेल्या. ते कपाट त्यांनी आठ दिवसांत तिसऱ्यांदा आवरलं.

छापखान्यात गर्दी झाली म्हणून पानं जायची ती पुढच्या बुधवारवर गेली. बाईंना रविवार मिळाला.

सायकलच्या दुकानाच्या बाजूने अरुंद जिना होता. वर एक साधी खोली, भिंतींवर काहीही नाही, चार बाकं समोरासमोर मांडलेली, एक पंखा, खिडकीत एक झाड. दहा-अकरा माणसं बसली होती. पुजारी नव्हता, पुस्तक नव्हतं, गाणं नव्हतं. पांढऱ्या आखूड केसांच्या, ताठ बसलेल्या एका बाईंनी मानेने खूण केली, बसा. त्याच सिस्टरबाई असणार. बाई बसल्या.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग बाईंच्या पायाला मुंग्या आल्या. मग खालच्या दुकानात कुणीतरी सायकलची घंटी तपासू लागलं. समोरच्या म्हाताऱ्याच्या सदऱ्याचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं. ते बदलावंसं वाटू लागलं. बाईंनी मनातल्या मनात ‘क्यू’चे शब्द म्हटले, ते संपले, ‘आर’ सुरू केले. घड्याळात पाहिलं, बारा मिनिटं झाली होती. आणि तेव्हाच टक टक टक असा आवाज सुरू झाला. शांततेत तो इतका मोठा वाटला, की कोण वाजवतंय हे पाहायला बाईंनी मान वळवली आणि मग त्यांना कळलं. त्यांच्याच घड्याळाचा धातूचा पट्टा बाकाच्या लाकडावर वाजत होता.

कुणी पाहिलं नाही. कुणी भुवई उचलली नाही. ते जास्तच वाईट होतं. बाईंनी हात उचलला आणि मांडीखाली घातला. घातल्याबरोबर त्यांना घरातली ती खुर्ची दिसली, खुर्चीत बसलेले वडील दिसले, आणि त्या उठल्याच. दार हळू लावायचं भान राहिलं, एवढंच. अर्धा तासही झाला नसेल.

त्या गेल्या मात्र नाहीत. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहिल्या, कठडा धरून. नोंद व्हायची होती अजून.

तास संपल्यावर माणसं एकमेकांचे हात हातात घेऊन निघाली. सिस्टरबाई दोन कप चहा घेऊन जिन्यात आल्या आणि सरळ पायरीवरच बसल्या.

‘‘वाईट वाटून घेऊ नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला पहिली चार वर्षं इथे बसलं की फक्त भाजीची यादी सुचायची.’’

‘‘आणि पाचव्या वर्षी?’’

‘‘यादी लहान झाली.’’

बाईंना हसू आलं. त्यांनी कोशाचं सांगितलं, न्यायाधीशाचं सांगितलं, आणि विचारलं, ‘‘तुम्ही स्वतःला क्वेकर म्हणता?’’

‘‘आमच्यात आम्ही मित्र म्हणतो. मित्रांची सभा. बाहेरच्यांनी दिलेलं नाव ते दुसरं.’’

‘‘मग ते टाकून का दिलं नाही? टिंगल होती ती.’’

सिस्टरबाईंनी कपात फुंकर मारली. ‘‘सुरुवातीला खूप जणांनी सांगून पाहिलं असेल, बाबांनो, असं म्हणू नका. कोण ऐकतं? मग कामं होत गेली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत आमच्या लोकांनी उपाशी मुलांना जेवण दिलं, शाळाशाळांतून. लोक त्याला म्हणायचे क्वेकरांचं जेवण. आता वाटी पुढे करून उभ्या राहिलेल्या मुलाला तुम्ही काय सांगणार, बाळा, आधी नाव नीट घे? उपाशी माणूस ज्या नावाने हाक मारील त्या नावाला ओ द्यावी लागते.’’

बाईंनी हे मनात टिपून ठेवलं. कोशात ते बसणार नव्हतं, पण टिपून ठेवलं.

‘‘आता मी एक विचारू?’’ सिस्टरबाई म्हणाल्या. ‘‘हात केव्हापासून?’’

‘‘कुठे काय. पंख्याखाली गार वाटत होतं.’’

‘‘घामाघूम होऊन बाहेर आलात तुम्ही.’’

बाईंनी कप पायरीवर ठेवला. ‘‘तुम्हाला वाटलं असेल, की मला... म्हणजे तुमच्यात पूर्वी व्हायचं तसं...’’

‘‘अंगात आलं असं?’’ सिस्टरबाई मोकळं हसल्या. ‘‘नाही हो. चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. देवाचा कंप कसा असतो ते मला सांगता यायचं नाही. नसांचा मात्र लांबूनही ओळखते. नसांच्या डॉक्टरकडे जा. लवकर जा. औषधं आहेत त्याला.’’

बाईंना राग आला. आभार मानून त्या जिना उतरल्या, सायकलींच्या रांगेतून वाट काढली आणि भरभर चालू लागल्या. राग कुणावर, ते त्यांना कळत नव्हतं. कुणी टिंगल केली असती तर तिच्यावर रागावता आलं असतं. या बाईने टिंगलही केली नव्हती आणि कीवही केली नव्हती. नुसतं बॉनेट उघडलं होतं.

डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी नोंद लिहिली. आठ ओळी झाल्या. न्यायाधीश, सभेतला कंप, १६४७ चं पत्र, आणि शेवटी हे लोक स्वतःला काय म्हणवतात ते. हल्ली त्यांचं अक्षर बारीक होत चाललं होतं. ओळीची सुरुवात मुंगीएवढी आणि शेवट मुंगीच्या पायाएवढा. मोठं काढायचं ठरवून बसत, तरी चौथ्या शब्दापर्यंत ते आपोआप आक्रसे. सोमवारी सकाळी त्यांनी तो कागद पानवाल्याच्या टेबलावर ठेवला आणि ‘आर’कडे वळल्या.

मंगळवारी दुपारी संपादकांच्या खोलीतून हाक आली. बाई गेल्या तर पानवाला आधीच उभा होता, मान खाली. अर्थ लिहिणाऱ्यांपैकी दोघं दाराशी रेंगाळत होते. संपादकांच्या हातात छापखान्यात जायचं शेवटचं प्रूफ होतं.

‘‘वाचा,’’ ते पानवाल्याला म्हणाले. ‘‘मोठ्याने.’’

पानवाल्याने घसा खाकरला. ‘‘ ‘क्वेकर हे नाव इतरांनी दिलेले असून या पंथाचे अनुयायी स्वतःस...’ ’’

‘‘पुढे.’’

‘‘ ‘...स्वतःस मूत्र म्हणवतात.’ ’’

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंड दाबून निघून गेलं. संपादकांना हसू येत नव्हतं. ‘‘उद्या ही पानं छापली गेली असती. पाच हजार प्रती. एका धर्मपंथाबद्दल. ते लोक कोर्टात गेले असते तर कुणी उत्तर दिलं असतं? डोळे तपासून घ्या तुम्ही आधी. आणि लेखी खुलासा द्या मला. तीन महिन्यांत ही चौथी चूक आहे तुमची.’’

पानवाला स्वतःचा बचाव करणार नाही, हे बाईंच्या लक्षात आलं. त्याच्या खिशातून एका भिंगाची मूठ डोकावत होती. हे भिंग त्यांनी त्याच्या टेबलावर पाहिलं होतं, उन्हाळ्यापासून. त्यांना वाटलं होतं त्याचं वय झालं. आता एकेक आठवलं. ‘‘बाई, हा शब्द काय हो?’’ असं तो पूर्वी दिवसातून एकदा विचारायला येई, मग पाचदा येऊ लागला, आणि मग येणंच बंद झालं. म्हणजे त्यांना सारखं अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हा माणूस भिंग घेऊन त्यांच्या मुंग्या वाचत बसला होता. बहुतेक मुंग्या बरोबर वाचल्या. चार चुकल्या.

गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. खुलासा त्याने दिला असता. हात ओढणीखाली होता, कुणाला दिसत नव्हता.

‘‘त्यांचे डोळे ठीक आहेत, सर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी ‘मित्र’च लिहिलं होतं. पण वाचता येईल असं लिहिलं नव्हतं. चारही चुका माझ्या आहेत.’’

‘‘तुम्ही त्यांना पाठीशी घालू नका.’’

बाई पुढे झाल्या आणि उजवा हात त्यांनी संपादकांच्या टेबलावर ठेवला, प्रुफाच्या शेजारी. नुसता ठेवला. काही उचललं नाही, पुसलं नाही. अंगठा बोटावर घासू लागला. मग मनगट. मग काचेवर पट्टा वाजू लागला. खोलीतले तिघंही त्या हाताकडे बघत राहिले, आणि बाईही, कारण इतका वेळ त्यांनी स्वतःही तो कधी पाहिला नव्हता.

‘‘केव्हापासून?’’ संपादकांनी विचारलं. तो आवाज कार्यालयातला नव्हता.

‘‘वर्ष होईल.’’

‘‘आणि तुम्ही सांगितलं नाहीत.’’

‘‘सांगितलं असतं तर ‘क्यू’ माझ्याकडे राहिलं असतं?’’

संपादकांनी प्रूफ उलटसुलट केलं. मग पानवाल्याला म्हणाले, ‘‘खुलासा राहू द्या. ती ओळ दुरुस्त करा.’’ आणि बाईंना म्हणाले, ‘‘तुम्ही उद्या येऊ नका. डॉक्टरकडे जा. परवा या, आणि परवा नक्की या.’’

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बाईंना खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, बोटं टिचकावायला लावली, कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं वर्तुळ काढायला लावलं. मग म्हणाल्या, कोणतंही एक वाक्य लिहा. बाईंना कोशातलंच आठवलं. ‘क्वेकर, मूळ अर्थ थरथरणारा.’ डॉक्टरांनी ते वाचून विचारलं, हे काय, तर बाईंनी १६४७ पासून सुरुवात केली, आणि यजमानांना त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा लागला.

कंपवात आहे, डॉक्टर म्हणाल्या. बरा होत नाही, पण आवरता येतो. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, चालणं सोडायचं नाही.

‘‘चालणं ती सोडत नाही,’’ यजमान म्हणाले. ‘‘बसणं सुरू करायची गोळी असेल तर द्या.’’

बाईंनी वडिलांबद्दल विचारलं. त्यांनाही हेच असेल का? डॉक्टर म्हणाल्या, पेशंट पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. ऐकीव माहितीवर बोलू नये. बाईंना ते उत्तर आवडलं, आणि सहनही झालं नाही. दवाखान्याबाहेर बाकावर बसून त्या रडल्या, पहिल्यांदाच. यजमान शेजारी बसून राहिले. दोन बस गेल्या. तिसरी आली तेव्हा ते म्हणाले, ‘‘हिचा क्लच मी बदललाय, हिच्यात बसू.’’

गुरुवारी बाई कार्यालयात गेल्या. संपादकांनी व्यवस्था ठरवून ठेवली होती. बाईंनी लिहायचं नाही, सांगायचं. पानवाल्याने थेट टाइप करायचं. पहिल्या आठवड्यात दोघांची भांडणं झाली, कारण बाई चालत बोलत आणि खिडकीशी गेल्या की त्याला ऐकू येत नसे. मग त्याने टेबलच खोलीच्या मध्यावर ओढलं आणि बाई त्याच्याभोवती फेऱ्या घालू लागल्या. काम पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागलं. गोळ्यांनी हात पुष्कळ शांत झाला. सकाळी बरा असे, दुपारनंतर हट्टाला पेटे. कधी कुणी नवीन माणूस टक लावून पाही. बाई म्हणत, ‘‘कंपवात आहे. बघून झालं असेल तर ‘आर’च्या चिठ्ठ्यांचा डबा द्या इकडे.’’

या सगळ्यात ‘क्यू’ची पानं त्या बुधवारी छापखान्यात गेलीच नव्हती. ‘क्वेकर’च्या आठ ओळींपैकी एक ओळ कापावी असं संपादकांचं म्हणणं होतं, आणि ती नेमकी बायकांची. ‘‘एका पत्राचा पुरावा, तोही ऐकीव.’’

‘‘न्यायाधीशाची गोष्टही एकाच माणसाने सांगितलेली आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि पत्र तिच्याही तीन वर्षं आधीचं आहे. त्या बायकांबद्दल आपल्याकडे एवढंच आहे, सर. हीसुद्धा ओळ काढली तर त्या नव्हत्याच असं होईल.’’

दोन दिवस वाद चालला. शेवटी संपादकांनी ‘क्विल्ट’मधली एक ओळ कापली.

खंड छापून आला तेव्हा बाई एक प्रत घेऊन सायकलच्या दुकानावरच्या खोलीत गेल्या. मधून मधून त्या रविवारी तिथे जात असत. श्रद्धा म्हणून नव्हे, बसता येतं का ते पाहायला. त्यांची सगळ्यांत मोठी मजल एक्केचाळीस मिनिटांची होती. घड्याळ त्या जिन्यातच काढून पर्समध्ये ठेवत.

सभा संपल्यावर सिस्टरबाईंनी चष्मा लावून नोंद वाचली. एकदा, मग पुन्हा, ओठ हलवत.

‘‘बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चांगलं लिहिलंत. फक्त एक.’’

‘‘काय?’’

‘‘वर म्हटलंय, मूळ अर्थ थरथरणारा. आणि खाली म्हणताय, सगळ्यांत आधी ज्यांना म्हटलं त्या बायका होत्या. मग नुसतं थरथरणारा का? थरथरणारी का नाही?’’

सव्वीस वर्षांत हे बाईंना सुचलं नव्हतं. एकट्या या शब्दाचं नव्हे, हजारो शब्दांचं तसंच होतं. त्या उठल्या, जिन्यात आल्या आणि फोन लावला.

‘‘बाई, आज रविवार आहे,’’ पलीकडून पानवाला म्हणाला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

‘‘असू दे. कागद घ्या. पुढच्या आवृत्तीची पहिली दुरुस्ती लिहून घ्या.’’

‘‘थांबा, हात ओले आहेत.’’

तो हात पुसून येईपर्यंत बाई तेवढ्याशा जिन्यात चार पायऱ्या खाली उतरल्या, पुन्हा वर आल्या आणि परत खाली निघाल्या.